माईकची वायर

माईकची वायर मी कापली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहितोय ते कुठल्या तोंडानं लिहितोय हे तुम्हाला कळेल.

सप्टेंबर 1990. व्ही. पी. सिंगांनी 7 ऑगस्टला मंडल आयोगाची घोषणा केली होती आणि सवर्णांची पोरं रस्त्यावर उतरली होती. दिल्लीत कॉलेजची पोरं चौकात बूट पॉलिश करत बसली. म्हणजे आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी केलेलं काम हा यांचा निषेध! असल्या दिवसांत आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या लॉ कॉलेजात एका मोठ्या शहरातल्या नामांकित वकिलांचं व्याख्यान ठेवलं. विषय – गुणवत्ता आणि राज्यघटना. मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आदल्या रात्री हॉस्टेलवर आमची बैठक झाली. बारा जण होतो. एकानंही विचारलं नाही की हा माणूस काय बोलणार आहे. ठरलं एवढंच, की बोलू द्यायचं नाही.

वक्ते उभे राहिले. त्यांनी चंपकम दोराईराजनच्या खटल्यापासून सुरुवात केली. मद्रासची एक हुशार मुलगी, डॉक्टर व्हायला निघालेली, केवळ ब्राह्मण म्हणून तिला मेडिकल कॉलेजच्या दारातून परत पाठवलं, वगैरे. आवाज भरून आला होता त्यांचा. दहाएक मिनिटं झाली आणि आमच्या घोषणा सुरू झाल्या. मी स्टेजमागं गेलो. खिशात पक्कड होती. कट्‌कन आवाज झाला आणि हॉलभर नुसता आमचाच आवाज राहिला. वक्ते थोडा वेळ उभे राहिले, पाणी प्यायले, निघून गेले. रात्री आम्ही एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचलो. दुसऱ्या दिवशी पेपरात वक्त्यांचा फोटो, आणि आमच्या वाट्याला एक शब्द – झुंडशाही.

आमच्याच वर्गात मातंग वस्तीतली एक मुलगी होती. बाप बँडमध्ये वाजवायचा. ती हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. आमच्या बैठकीला ती नव्हती, कारण पोरींना हॉस्टेलवर कोण बोलावतो? समतेच्या गप्पा मारणारे आम्ही बारा जण, आणि हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दोन दिवसांनी तिनं कँटीनमध्ये गाठलं. म्हणाली, "झालं का तुमचं सगळं? आता माझं ऐका." वहीतला एक कागद काढला. वक्ते हीच केस काढणार हे तिनं ओळखलं होतं. म्हणून दोन दिवस लायब्ररीत बसून 1951 सालचा निकाल तिनं मुळातून वाचला होता. त्या निकालातच लिहिलंय, की चंपकमबाईंनी मेडिकल कॉलेजात प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता! चौकशी केली, आपल्याला जागा मिळणार नाही असं समजलं, आणि त्या थेट हायकोर्टात गेल्या. अर्ज नसताना दाद मागता येते का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टालाही पडला होता. सरकारनं तो मुद्दा ताणला नाही म्हणून खटला चालला.

आता विचार करा. तीनशे माणसांच्या हॉलमध्ये, त्या भरल्या गळ्याच्या भाषणानंतर, बँडवाल्याची पोरगी उभी राहते आणि शांतपणे विचारते – साहेब, बाईंनी अर्ज कधी केला होता? दारातून परत पाठवायला त्या दारापर्यंत गेल्या होत्या का? आणि त्या मद्रासच्या जी.ओ.मध्ये दर चौदा जागांमागं दोन ब्राह्मणांना आणि दोनच हरिजनांना होत्या, हे तुम्ही का सांगत नाही?

मी वायर कापली ती तिची कापली.

पस्तीस वर्षं झाली. जिल्हा कोर्टात वकिली करतो. ॲट्रॉसिटीच्या केसेस लढलो, जिंकलो कमी, हरलो जास्त. पण ही गोष्ट गेली नाही डोक्यातून. आणि आज लॉ कॉलेजातली आपली पोरं जेव्हा विचारतात, की अमक्याला कॉलेजात बोलू द्यायचं का, तेव्हा मला उत्तर देता देता घाम फुटतो. कारण सोपं उत्तर दोन्ही बाजूंना तयार आहे आणि दोन्ही खोटी आहेत.

एक सोपं उत्तर प्रस्थापितांचं. कायद्याची शाळा म्हणजे विचारांचा मुक्त बाजार, सगळ्यांनी बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. बाजार कुठला आणि मुक्त कुठला? बाजारात गाळा कुणाचा, वजनमाप कुणाचं? आमचे एक सर होते, ते पहिली घटनादुरुस्ती शिकवायचे. घटना होऊन दीड वर्ष नाही झालं तोच आरक्षणवाल्यांनी तिला पहिलं भोक पाडलं, अशा सुरात. 15(4) आलं ते सांगायचे. त्याच दुरुस्तीनं 19(2) बदललं आणि बोलण्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही तीन नवी बंधनं आली, ते मात्र दोन ओळींत संपवायचे. सर राजकारण करत होते का? ते म्हणाले असते, मी तर कायदा शिकवतोय. हेच तर कसब आहे. त्यांचा कल म्हणजे अभ्यासक्रम, आणि आम्ही हात वर केला की तो पूर्वग्रह! व्हायव्हाला 'ॲटिट्यूड' म्हणून मार्क कापले जायचे ते वेगळेच.

पण थांबा, आमचंही काढतो. आम्ही 15(4)चा जयजयकार करायचो आणि 19(2)वर गप्प बसायचो. का? कारण ती दुरुस्ती संसदेत कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनीही समर्थली होती. तिच्यामागं सुप्रीम कोर्टाचे 26 मे 1950 चे दोन निकाल होते. एक 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाचा, दुसरा संघाच्या 'ऑर्गनायझर'चा. कोर्टानं दोघांनाही एकाच दिवशी मोकळं केलं. बाबासाहेबांची बाजू मी वाचलीय. नव्या राज्यात दंगली रोखायची सरकारला ताकद हवी, ही काळजी मला समजते. दुरुस्तीत 'वाजवी' हा शब्द आला आणि कोर्टाला तपासायला जागा राहिली, हेही खरं. तरी सांगतो, पुढं आयुष्यात आमच्या जितक्या सभांची परवानगी नाकारली गेली, तितक्या वेळा पोलिसांच्या कागदावर एकच शब्द होता – सार्वजनिक सुव्यवस्था. बाबासाहेबांचा अनुयायी म्हणून हे बोलायला मला फार वर्षं लागली. भक्त असतो तर कधीच बोललो नसतो.

दुसरं सोपं उत्तर आमचं. त्यांच्याकडं तीन हजार वर्षं माईक होता, आता बंद. हे ऐकायला जाम बरं वाटतं. मलाही वाटायचं. पण जुना कायदा काय होता ते आठवा. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतायची शिक्षा सांगितलीय. जिभेची शिक्षाही आहे, पण सुरुवात कानापासून. या देशातल्या कायद्याच्या पहिल्या शाळेनं आपल्याला गाठलं ते ऐकण्यावर बंदी घालून. काय बोललं जातंय हेच कळू द्यायचं नाही, म्हणजे उलट उत्तर येणार कुठून? मग पक्कड घेऊन स्टेजमागं जाणारा मी कुणाचं काम करत होतो?

आता बाबासाहेबांचंच बघा, कारण या प्रश्नात ते दोन्ही बाजूंना उभे होते. जून 1935 मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. सरकारी कॉलेज, सरकारी खुर्ची. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडायची घोषणा केली. आजच्या भाषेत बोलायचं तर कायद्याच्या कॉलेजचा प्रमुख उघडउघड 'पक्षपाती' झाला. पण ते 1938 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले आणि शिकवत राहिले. ज्याला स्वतःची भूमिका आहे तो कायदा शिकवू शकत नाही, या म्हणण्याला याच्याइतकं सणसणीत उत्तर मला माहीत नाही.

आणि याच काळात लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण छापून तयार झालं. मंडळी घाबरली. वेदशास्त्रांवरचा भाग काढा, धर्म सोडण्याबद्दलचं काढा. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. परिषदच रद्द झाली. म्हणजे लॉ कॉलेजचा प्रिन्सिपॉल स्वतःच बोलू न दिलेला वक्ता झाला! त्यांनी मे 1936 मध्ये स्वखर्चानं दीड हजार प्रती काढल्या, किंमत आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. आठ आणे फार झाले, दोन किंवा चार आणे ठेवायला हवे होते, असंही लिहिलं. (हे वाचून मला नेहमी हसू येतं. किंमतीचं पटतं, पण सांगणारा कोण बघा!) मग 1937 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात बाबासाहेबांनी काय केलं? गांधींची टीका सगळीच्या सगळी स्वतःच्या पुस्तकात छापली. आणि खाली आपलं उत्तर.

ज्याचा माईक काढून घेतला होता, त्यानं आपल्या पैशानं विरोधकाचा मजकूर छापला. याला कुणी मनाचा मोठेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. हा वकिलाचा हिशेब होता. समोरच्याचं म्हणणं अख्खं कागदावर आणल्याशिवाय उलटतपासणी होत नाही. गांधींचं म्हणणं अर्धवट, आपल्या शब्दांत सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, यानं मोडतोड केली. त्यांच्याच शब्दांत ठेवलं, म्हणून उत्तर आजही उभं आहे.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं नाही. आपण पँथर हे नावच अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून आणलं, तर तिथल्या एका लॉ स्कूलमधल्या दोन गोष्टी सांगतो. स्कूल एकच, स्टॅनफर्ड.

पहिली 1986 ची. डेरिक बेल नावाचे काळे प्राध्यापक तिथं पाहुणे म्हणून घटनेचा कायदा शिकवायला आले. साधासुधा माणूस नव्हे. शाळांमधला वर्णभेद मोडायचे शेकडो खटले सांभाळलेला वकील, हार्वर्ड लॉ स्कूलमधला पहिला कायम झालेला काळा प्राध्यापक. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी, की अमेरिकन घटनेला हात घालायचा तो गुलामगिरीपासून. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली, आम्हाला खरा घटनेचा कायदा शिकायला मिळत नाही. ते दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसायला लागले. मग स्कूलनं काय करावं? बेल यांना खरं कारण न सांगता इतर प्राध्यापकांची पूरक व्याख्यानमाला लावली! पोरांच्या कानातला बेल धुऊन काढायला. पहिल्याच व्याख्यानाला काळ्या विद्यार्थ्यांनी उठून निषेध वाचला, माला बंद पडली, स्कूलला माफी मागावी लागली. इथं कुणी बेल यांचा माईक कापला नव्हता, एकही घोषणा दिली नव्हती. सगळं सभ्यपणे, चहापाण्यासकट. असली वायर आपल्याला दिसतच नाही.

दुसरी मार्च 2023 ची. फेडरलिस्ट सोसायटी ही उजव्या वळणाच्या वकील-विद्यार्थ्यांची संघटना. तिनं काइल डंकन या फेडरल न्यायाधीशांना बोलावलं. या न्यायाधीशांनी 2020 मध्ये एका ट्रान्स कैद्याला तिनं मागितलेल्या स्त्रीवाचक सर्वनामानं उल्लेखायला नकार दिला होता. विद्यार्थ्यांनी इतका गोंधळ घातला की त्यांना लिहून आणलेलं भाषण करता आलं नाही. तेही चिडून विद्यार्थ्यांना लागट बोलले. दोन दिवसांत डीन आणि अध्यक्षांचं माफीपत्र गेलं. पुढं डीनचं दहा पानांचं पत्र आलं. सगळ्या विद्यार्थ्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अर्ध्या दिवसाचं सक्तीचं सत्र लावलं, शिक्षा मात्र कुणाला नाही. डीनच्या वर्गाबाहेर काही विद्यार्थी काळे कपडे घालून, तोंडाला मास्क लावून मुक्याने उभे राहिले. आणि जेम्स हो नावाच्या दुसऱ्या एका न्यायाधीशानं जाहीर केलं, यापुढं स्टॅनफर्डला प्रवेश घेणाऱ्या पोरांना मी क्लार्क म्हणून घेणार नाही. येलवर त्यानं ही बंदी आधीच घातली होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी अख्ख्या कॉलेजवर बहिष्कार! त्यात त्या गोंधळात नसलेली, पुढं येणारी पोरं आली. आपल्याला बहिष्कार शब्दाचा अर्थ कुणी शिकवायला नको.

मला डंकन यांच्याबद्दल तसूभर प्रेम नाही. त्या कैद्याच्या बाजूनं मी आहे. तरी मला वाटतं, पोरांनी त्यांना बोलू द्यायला हवं होतं, आणि मग तो 2020 चा निकाल त्यांच्यापुढं धरून ओळीओळीला विचारायला हवं होतं. ज्याच्या सहीनं माणसं आत जातात, तो माणूस तासभर तुमच्या तावडीत सापडलाय आणि तुम्ही त्याला बिचारा करून सोडलंत? आमचा वक्तासुद्धा त्या दिवशी बिचारा होऊन गेला.

टेक्सासात हेमन स्वेट नावाचा काळा पोस्टमन होता. 1946 मध्ये त्यानं लॉ स्कूलला अर्ज केला. गोऱ्यांच्या स्कूलमध्ये घेणार नाहीत म्हणून सरकारनं काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं, सुरुवात तळघरातल्या खोल्यांत. स्वेट गेला नाही. 5 जून 1950 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कारण काय दिलं? पुस्तकं कमी, शिक्षक कमी, हे तर होतंच. पण कोर्ट म्हणालं, राज्यातल्या 85 टक्के लोकांना या स्कूलबाहेर ठेवलंय, आणि याला उद्या वकील, साक्षीदार, ज्युरी, न्यायाधीश भेटणार आहेत ते त्यांच्यातलेच. विचारांची देवघेव नसलेल्या खोलीत कायदा शिकता येत नाही. आपली पोरं जेव्हा म्हणतात, लॉ कॉलेजात फक्त आपल्या विचाराचेच वक्ते यावेत, तेव्हा मला ते तळघर दिसतं. स्वेटला त्यात ढकलत होते. आपण आपल्या पायांनी का उतरायचं?

आता तुम्ही विचाराल, मग काहीही बोलू द्यायचं? वर्गात कुणी जातीवरून शिवी दिली तर तेही मत? नाही. इथं मी कायद्याला धरून चालतो. आरक्षण बंद करा, हे मत आहे. चुकीचं असेल, स्वार्थी असेल, पण मत आहे, त्याला उत्तर देता येतं. पण चारचौघांत एखाद्या पोराला जातीवरून हिणवणं, याला उत्तर देता येत नाही, कारण त्यात म्हणणं असं काही नसतंच. समोरच्याचं तोंड बंद करणं एवढंच काम ते करतं. 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा त्यासाठीच आहे आणि तो वापरायला लाजू नका. मधली जागा अवघड आहे, मान्य. 'कोट्यातला' हा शब्द वर्गात रोज फेकला जातो तेव्हा तो मत असतो की थप्पड? मी अजून ठरवू शकलेलो नाही. ज्याच्यावर तो फेकला गेला त्याला आधी विचारावं, एवढंच सुचतं.

पण 'भावना दुखावल्या' ही फूटपट्टी मात्र हातात घेऊ नका. 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधना'त राजा ढालेंनी राष्ट्रध्वजाबद्दल जे लिहिलं, त्यानं केवढ्या जणांच्या भावना दुखावल्या होत्या! दलित बाईच्या अब्रूची किंमत आणि ध्वजाच्या अब्रूची किंमत त्यांनी शेजारी शेजारी मांडली होती. 1987 मध्ये सरकारनं बाबासाहेबांचं 'रिडल्स' छापलं, तेव्हाही भावना दुखावल्या. राम आणि कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून राज्यभर ओरड झाली. फेब्रुवारी 1988 मध्ये आपली माणसं लाखांनी मुंबईत आली ती एका परिशिष्टासाठी. मीही होतो त्या मोर्चात, ट्रकमधून गेलो होतो, येताना पाय सुजले होते. आणि अडीच वर्षांनी पक्कड घेऊन स्टेजमागं. दोन्हीकडं मीच!

परवा तीन पोरं ऑफिसात आली. दोन मुली, एक मुलगा. त्यांच्या लॉ कॉलेजात तसलंच व्याख्यान आहे. त्यांना मी हे सगळं सांगितलं. म्हणालो, लेखी पत्र द्या, निम्मा वेळ प्रश्नांना मागा, प्रश्न आधी चिठ्ठीवर घेणार नाही असं लिहून घ्या. वक्त्याचं लिखाण मुळातून वाचून जा. पुढच्या रांगेत बसा. मुलगी म्हणाली, "आणि सर, प्रश्नांना माईकच दिला नाही तर?" मी म्हणालो, मग स्टॅनफर्डच्या पोरांसारखं मुक्यानं उभं राहा, पाठ करा, बाहेर आपली सभा घ्या. मुलगा हसला. "सर, वर्षभर आम्ही मुक्यानंच उभे असतो वर्गात. त्यांना ते चालतं." मला लगेच उत्तर आलं नाही. चहा मागवला.

जाताना दोघी कपाटापाशी थांबल्या, 1951 चा तो निकाल आहे का विचारलं. दिला. मुलगा दारातच उभा होता, त्याला अजून पटलेलं नव्हतं. व्याख्यान पुढच्या शनिवारी आहे.